पुस्तकात नसलेली नावे

वाचनालयाच्या जिन्यात बेगाइमने निषेधाचे पत्र पुन्हा तपासले. एकेचाळीस सह्या झाल्या होत्या. बेचाळिसावी एल्दियारची हवी होती आणि तो पायरीवर बसून तळलेले बोरसोक खात होता.

"हात तेलकट आहेत माझे," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? पिक्चर मला आवडला. घोडा उडतो तेव्हा मी खुर्ची घट्ट धरून बसलो होतो."

"घोड्याबद्दल तक्रारच नाहीये."

तक्रार शेवटच्या प्रसंगाबद्दल होती. 'बर्फाचा उंबरा' या कादंबरीत अनाथ मुलगा खिंडीतल्या दाराशी पोहोचतो. राखणदार त्याला सात पूर्वजांची नावे विचारतो. मुलगा म्हणतो, 'माझ्यामागे कुणी नाही. मी चालून आलो ती वाट मोजून घ्या.' आणि दार उघडते. चित्रपटात हाच मुलगा सात नावे धडाधड म्हणून दाखवतो. बिश्केकच्या वाचक मंडळाच्या मते हा पुस्तकाचा खून होता.

बेगाइमसाठी हा नुसता वाद नव्हता. उद्या, रविवारी, एल्दियारच्या घरची माणसे तिच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला येणार होती. सात पूर्वज विचारल्याशिवाय त्याची आजी डुलांच्या डबीला हात लावणार नव्हती. बेगाइमला बापाचे नावही ठाऊक नव्हते. तिची आई सायकाल प्रकाशनगृहात टंकलेखिका होती. 'बर्फाचा उंबरा'ची छपाईची प्रत तिनेच टाइप केली होती. दोन हिवाळ्यांपूर्वी ती वारली, बापाबद्दल काहीही न सांगता. मागे राहिले ते पुस्तक. आजीने विचारले की त्यातलेच वाक्य म्हणायचे, असे बेगाइमने ठरवले होते, कारण आजीचाही त्या पुस्तकावर जीव होता. पण गेल्या आठवड्यात आजी चित्रपट पाहून आली आणि म्हणाली, बघा, त्या पोरालासुद्धा शेवटी बापजादे निघालेच.

"माझी घे उसनी," एल्दियार बोटे चाटत म्हणाला आणि लहानपणी घोकलेली यादी त्याने एका दमात म्हटली. "कुबात, बोलोत, सेयित, चोको, बार्पी, तुर्दुमात, एर्केबाय. आजीला ऐकू कमी येतं."

"दोघांच्या सातांतलं एक नाव जरी सारखं निघालं तरी लग्न मोडतं, शहाण्या. आणि मी तुझी सगळीच घेऊ?"

त्याने हात पँटला पुसून सही केली.

वर मंडळाच्या सभेला चित्रपटाचा दिग्दर्शक सागिनबेक एकटाच आला होता, खांद्याला एक पिशवी लावून. मंडळ चालवणाऱ्या जुमाकादिर आगायांनी, म्हणजे गुरुजींनी, त्याला शाळेत शिकवले होते, त्यामुळे त्याला येणे भाग होते. सुरुवातीचा तास किरकोळ तक्रारींत गेला. पुस्तकातला घोडा निळसर राखाडी, पडद्यावरचा पांढरा. पुस्तकातल्या राखणदाराला एकच डोळा, पडद्यावरच्याला दोन. सागिनबेकने सगळे गुन्हे कबूल केले. राखाडी घोडा लाथा मारत होता आणि राखणदाराचे काम करणारा नट एक डोळा झाकायला तयार नव्हता, असे त्याने सांगितल्यावर लोक हसले. आगायांनी चहा ओतला.

बेगाइम उठली.

"घोडा मिळाला नाही, समजलं," ती म्हणाली. "वाक्य तर छापलेलं होतं ना, सागिनबेक बाइके? ते का काढलंत?"

"कारण ते लेखकाचं नाही."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

सागिनबेकने शांतपणे सांगितले. लेखक आयुष्यभर टोपणनावाने लिहीत राहिला. खरे नाव त्याने कुणाला कळू दिले नाही. गेल्या वसंतात इस्पितळात त्याने आपली मूळ वही सागिनबेकच्या हाती दिली. त्या वहीत मुलगा सात नावे घेतो. टाइप करणाऱ्या बाईने त्या ओळी गाळल्या आणि जागी स्वतःचे एक वाक्य घातले. लेखकाने ते छापून आल्यावर पाहिले आणि तसेच राहू दिले.

"माझ्यापेक्षा तिचं बरं जमलंय, म्हणाले."

बेगाइमच्या हातातले पत्र हळूहळू खाली आले. एकेचाळीस अधिक एक सह्या आईच्या वाक्यासाठी झाल्या होत्या.

"मग पिक्चरमधली नावं वहीतली आहेत?" आगायांनी विचारले.

"नाही. ती मी रचली. वहीतली खऱ्या माणसांची आहेत, पडद्यावर नकोत, असं त्यांनी बजावलं होतं."

एल्दियारने तिची बाही ओढली. पुरे आता, बस, असे तो हळूच म्हणाला. ती बसली नाही.

"म्हणजे पुस्तकही बदललेलं आणि पिक्चरही," ती म्हणाली. "मूळ काय आहे ते वाचा. एक अक्षरही न बदलता."

सागिनबेकने आगायांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. त्याने पिशवीतून वही काढली.

"वर एक ओळ आहे. 'सायकालच्या मुलीसाठी.'"

आगायांनी चहाचा वाडगा खाली ठेवला. एल्दियारचा चेहरा उजळला. त्याने बेगाइमचा हात घट्ट धरला. "आता बोल म्हणावं आजीला," तो पुटपुटला.

"इशेन," सागिनबेक वाचू लागला. "हे त्यांचं स्वतःचं नाव. मग मामबेत."

बेगाइमने डोळे मिटले होते. लहान मुले आजोबांच्या मांडीवर बसून म्हणतात तसे प्रत्येक नाव ती त्याच्यामागून म्हणत होती. चोवीस वर्षांची होऊन ती हे पहिल्यांदाच शिकत होती.

"सेयित. चोको. बार्पी. तुर्दुमात."

तिने चारही नावे म्हटली आणि सातव्याची वाट पाहिली. सागिनबेकने पान खिडकीच्या उजेडात धरले, तिरके केले.

"शेवटचं वाचता येत नाही. चहा सांडलाय त्यावर."

"एर्केबाय," एल्दियार म्हणाला.