डाव्या पंखाचं दुपटं

बोडन सरोवराकाठच्या विमान कारखान्यात ऑयगेननं आठ वर्षं एकाच विमानाचे आराखडे काढले. एकशे सत्तर प्रवासी घेऊन थेट पाण्यावर उतरणारं अवाढव्य विमान. दरवर्षी साहेब दोन इंजिनं वाढवायचे, दरवर्षी हा पहिल्यापासून रेघा मारायचा. विमान काही बांधलं गेलं नाही. शेवटी त्याचं खातंच बंद झालं आणि खळ लावलेल्या तलम कापडावरचे ते आराखडे, "हवे तर घरी ने," म्हणून त्याच्याच गळ्यात पडले.

बायकोनं, वालबुर्गानं, ते कापड सरळ उकळत्या पाण्यात घातलं.

"अगं, कुणी मागायला आलं तर?"

"आठ वर्षांत आलं का कुणी? इथे लेकीच्या बाळाला धड दुपटं नाही."

खळ गेली, शाई गेली, एकशे सत्तर खुर्च्या गेल्या. मऊसूत पांढरं कापड तेवढं उरलं.

रविवारी लेकीनं डाव्या पंखात गुंडाळलेली तीन आठवड्यांची नात त्याच्या मांडीवर ठेवली. जरा वेळानं मांडीला ऊब लागली, मग ओल.

 

मांडी न हलवता ऑयगेन पुटपुटला, "उतरलं एकदाचं पाण्यावर."