बिबट्याचं वर्ष

"बिबट्या गेला असंल तर तसं सांगा, सिस्टर. म्हंजे आमी मोकळं व्हतो," कुशाबा उभा राहून म्हणाला.

पालकसभा सुरू होऊन अर्धा तास झाला होता. डिंगोऱ्याच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात असलेल्या सिस्टरांच्या मुलींच्या शाळेचं वर्ष संपलं होतं आणि त्या वर्षाची उजळणी चालली होती. मुख्याध्यापिका सिस्टर हिल्डा मूळच्या वसईच्या, पण चौदा वर्षं इथंच काढलेल्या. त्यांनी निकाल वाचला, स्पर्धांतली बक्षिसं वाचली. सभेला मात्र ऐकायचं होतं ते फक्त बिबट्याचं.

वर्ष खरंच अवघड गेलं होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तीच रडतखडत. मोठ्या वर्गातल्या मुली आज पोटदुखी, उद्या डोकेदुखी सांगून घरी राहू लागल्या. मग जुलैत एका सोमवारी सिस्टर सकाळच्या फेरीवरून आल्या त्या बातमी घेऊनच. ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळ, चिखलात बिबट्याच्या पंजाचा ठसा होता. या भागात बिबट्याची नवलाई कुणाला नाही, त्यामुळे शाळा बंद ठेवा असं कुणीच म्हणालं नाही. गावाने पाळ्या लावल्या. सकाळ-संध्याकाळ चार बाप काठ्या घेऊन मुलींच्या पुढेमागे चालू लागले.

दर आठ-पंधरा दिवसांनी नवा ठसा दिसायचा आणि पाळ्या पुढे चालू राहायच्या. कुणाची टोमॅटोची तोडणी रखडली. शफीभाईंना ओतूरचं दुकान तासभर उशिरा उघडावं लागलं, त्याचा बोभाटा त्यांच्या घरात वर्षभर चालला. वनखात्याचा पिंजरा चार महिने पुलाजवळ उभा होता. त्यात बांधलेली शेळी आयता चारा खाऊन चांगली गुबगुबीत झाली, एवढाच काय तो त्याचा उपयोग.

कुशाबाचं म्हणणं सरळ होतं. वर्षभरात गावातलं एक कुत्रंसुद्धा गेलं नाही, म्हणजे जनावर कधीच दुसरीकडे निघून गेलं असणार. येत्या जूनपासून मुलींनी आपापल्या याव्यात. बरेच जण माना हलवू लागले.

सिस्टर उठल्या. "आणखी एक वर्ष पाळ्या ठेवा," त्या म्हणाल्या. "मी हात जोडते."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. सगळ्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. एरवी बापांनाही छडी दाखवायला कमी न करणारी ही बाई बिबट्याला एवढी घाबरते, म्हणून मागे कुणीतरी हसलंही. सिस्टरांना रडू आवरत नव्हतं. मुली रोज सुखरूप याव्यात आणि शिकून बाहेर पडाव्यात, याखेरीज त्यांना दुसरं काही नको होतं. तेच आता हातचं जात होतं.

शेवटी शफीभाईंनी तोडगा काढला. वनरक्षक इथेच बसले आहेत, ते सांगतील तसं करू.

रामनाथ शेवटच्या बाकावर होता. वनखात्याचा माणूस, पण सभेला आला होता तो बाप म्हणून. त्याची हर्षाली आठवीत होती. शाळेशी त्याचा जुना घरोबा. दोन वर्षांपूर्वी वन्यजीव सप्ताहात त्याने मुलींना माहिती सांगितली होती आणि बिबट्याच्या पंजाचा प्लास्टरचा नमुना विज्ञानाच्या खोलीला भेट दिला होता. यंदाचा प्रत्येक ठसाही त्यानेच टेप लावून मोजला होता.

तो उठला तशी सिस्टरांनी मान खाली घातली.

"बिबट्या हाय," रामनाथ म्हणाला. "मादी हाय. संगं दोन पिल्लं हायेत. पाळ्या सोडू नका."

कुशाबाने कपाळाला हात लावला. थोडी कुरकुर झाली, पण मग त्यानेच कागद मागवून जूनच्या पाळ्यांची नावं लिहून घेतली. चहा झाला आणि लोक पांगले.

सिस्टर एकट्याच खुर्च्या आवरत होत्या. रामनाथ तेवढा मागे राहिला होता. त्याने दोन खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या.

"वर्षभरात एकोणीस ठसे मोजले, सिस्टर," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळे पुढच्या डाव्या पायाचे. मी शाळंला दिलेल्या नमुन्याचा पाय बी त्योच."

सिस्टर हातातल्या खुर्चीवरच बसल्या. त्यांनी विचारलं, "मग सभेत तसं का नाही सांगितलंत?"

"पहिल्या ठशाच्या बाजूला मोटारसायकलींच्या चाकाच्या खुणा व्हत्या. गुटख्याच्या पुड्या व्हत्या. पाळ्या लागल्या, अन् ते सगळं बंद झालं." तो दाराबाहेर बघत होता. "काल हर्षालीला इचारलं. पुलावर पोरं रोज वाट अडवायची म्हणाली. तुमाला सांगितलं व्हतं तिनं. घरी न्हाई."

"घरी का नाही, ते सांगितलं तिनं?"

"ते सांगायला कशाला पायजे, सिस्टर? पोरांचं कानावर आलं असतं, तर मी तिची शाळाच बंद केली असती. बिबट्या म्हणलं, म्हणून सोबत आलो."