आईच्या गोळ्या

महारुद्र आईच्या खाटेजवळ आला, पण त्याला बसवेना. धुरपदाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तोंडात पदराचा बोळा होता. कळ आली की त्या तो चावायच्या, म्हणजे शेजारी आवाज जात नसे.

"आई, जागी आहेस?"

"झोप कुठं, बाबा." त्या कशाबशा वळल्या. "गोळी आणलीस व्हय?"

त्याने आणली नव्हती. त्यांच्या मॉर्फिनच्या गोळ्या आजपासून सृष्टीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या कपाटात कुलपात होत्या. ती दारात उभी होती. तिला त्याने दुपारीच सगळं सांगितलं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. "आत्याबाईंना मी सांगणार नाही. तुमच्या तोंडानं सांगा," एवढंच म्हणाली.

ईट गावच्या शिवारात वाढलेला महारुद्र आता धाराशिवातला नावाजलेला भूलतज्ज्ञ होता. ऑपरेशननंतर सिरिंजमध्ये उरलेलं वेदनेचं औषध फेकून द्यायचं असतं. एकदा पाठ धरली होती तेव्हा त्याने ते फेकलं नाही, स्वतःला टोचून घेतलं. पाठ बरी झाली, टोचणं सुरूच राहिलं. पुढे दवाखान्यात त्या औषधांवर कडक पहारा बसला. मग त्याची नजर घराकडे वळली.

धुरपदाबाईंच्या हाडांत कॅन्सर उतरला होता. पण मॉर्फिनवर त्यांचं बरं चाललं होतं. दारात बसून शेंगा फोडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायच्या. महारुद्र त्यांच्या गोळ्या स्वतः घेऊ लागला आणि त्यांना तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या देऊ लागला. आधी एखादी. मग सगळ्याच. दुखणं उसळून वर आलं. त्यांनी विचारलं तेव्हा तो डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "रोग वाढतोय, आई. आता असंच दुखणार."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. लेकीला बोलावून पाटल्या देऊन टाकल्या. येडाई देवीच्या जत्रेला येरमाळ्याला जाणाऱ्या बायकांजवळ खणनारळ दिला आणि सांगितलं, "पुढच्या चैताला म्या न्हाय." जेवण तर जवळजवळ सुटलंच.

मग एका सकाळी त्यांनी मुलापुढे हात जोडले. "लोकास्नी भूल देतोस नव्हं? मला एकदाची दे, बाबा. कायमची."

त्याच दिवशी तो सोलापूरला गेला. तिथे डॉक्टर झरीन व्यसनावर उपचार करायची. कॉलेजात ती त्याच्या मागच्या वर्षाला होती. ती 'सर' म्हणाली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. औषध सुरू करण्याआधी अंगातली नशा उतरावी लागते. तोवर रात्रभर तो तिच्या दवाखान्यात नाक गळत, घामाने भिजत, थरथरत बसून राहिला. मग सकाळी तिने एक गोळी त्याच्या जिभेखाली ठेवायला लावली आणि ती विरघळेपर्यंत समोर बसली. हळूहळू थरथर थांबली. नशा आली नाही. नुसतं माणसात आल्यासारखं वाटलं.

"ही रोज घ्यायची," झरीन म्हणाली. "साखरेच्या आजाराला गोळी असते, तशीच ही. हिची लाज बाळगू नका. आणि मी सांगेपर्यंत ऑपरेशनला उभं राहायचं नाही." मग तिने विचारलं, "सर, औषध मिळवत कुठून होता?"

त्याने सांगितलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"आईंना पहिल्यासारखा पूर्ण डोस एकदम देऊ नका," ती म्हणाली. "शरीराची सवय मोडलीय. श्वास थांबेल. त्यांच्या डॉक्टरांना खरं सांगावं लागेल. आणि त्याआधी आईंना."

म्हणजे गुपचूप गोळ्या परत ठेवून सुटायची वाटही बंद झाली होती. आईचे डॉक्टर संध्याकाळी येऊन डोस नव्याने ठरवणार होते. त्यांना फोनवर सांगताना महारुद्रची जीभ अडखळली होती. इथे तर ती उचलतच नव्हती.

"काय झालं रं?" धुरपदाबाई म्हणाल्या. "तोंड का उतरलंय?"

"आई, तुझ्या गोळ्या मी खाल्ल्या."

"कसल्या गोळ्या?"

"तुला देत होतो त्या दुखण्याच्या नव्हत्याच. दुखण्याच्या मी खात होतो. मला व्यसन लागलंय. आता उपचार सुरू केलेत."

त्याने मान खाली घातली. आईने मुस्कटात मारावी, शिव्या द्याव्यात, लेक मेला म्हणावं, असं त्याला वाटत होतं. मार खायला सोपं जावं म्हणून तो जरा पुढेही वाकला.

त्यांचा हात उठला. पण तो त्याच्या मनगटावर आला. बोटांनी मनगट घट्ट धरलं.

"म्हंजी औषीद मिळालं न्हाय म्हणून एवढं दुखतंय?"

"हो."

"अन् तू तर म्हनलास, रोग वाढलाय."

"खोटं बोललो. मागच्या तपासणीत होता तेवढाच आहे."

"परत म्हन."

"वाढला नाही, आई."

धुरपदाबाई कोपरावर रेटून उठू लागल्या. कळ आली, तोंड वाकडं झालं, तरी त्या हसत होत्या. मुलाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"सृष्टे," त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "ऐकलंस का गं? म्या इतक्यात मरत न्हाय!"