आजोबांचं वजन

संस्थान विलीन झाल्यावर मोडीत निघालेला जुना लेथ मी निव्वळ हौसेपायी घेतला. हात बसावा म्हणून आजोबांच्या दुकानातलं, माल विकत घ्यायचं पितळी वजन त्यावर कातायला चढवलं. वांगणीचा म्हातारा कान्हा लेथचं चाक फिरवत होता. बुडावरचं दर दिवाळीच्या पूजेचं हळदकुंकू खरवडलं गेलं आणि पितळेऐवजी मऊ, काळपट शिसं सुटू लागलं. वजन जड करायला आत ओतलेलं!

"शी! याच्या मी पाया पडायचो!"

कान्हाने चाक थांबवलं.

"मास्तर, माझा बा घरी दगडानं हिरडा तोलून आयजवळ द्यायचा. तुमच्या आजाच्या दुकानात कमी भरला का तिला झोडायचा, वाटेत इकलास म्हणून. मरेस्तोवर ती चोरटीच राह्यली."