दातांतली पेन्सिल

पेन्सिल पुढच्या बाकावर आली तशी चिमणी मागे सरकली. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. आज मात्र तोंड घट्ट मिटून बसली होती.

फ्रेंचच्या बाईंची ही पद्धतच होती. पेन्सिल आडवी दातांत धरायची आणि क्रियापद म्हणायचं. त्याने म्हणे जिभेचा आळस जातो. पेन्सिल एकच, अख्ख्या वर्गाला. प्रत्येकानंतर बाई ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. तरी लाकडावर दातांचे व्रण, लाळेने फुगलेला रंग, शी! चिमणीने दोनदा सांगून पाहिलं होतं, किळस येते, घरून माझी आणते. बाईंनी उडवून लावलं. इथे सगळे सारखे, नखरे चालणार नाहीत.

आजचं क्रियापद होतं 'पार्ले', म्हणजे 'ते बोलत होते'. फ्रेंचमध्ये लिहायला नऊ अक्षरं. चार धातूची, पाच मागे लोंबणारी. त्यातली शेवटची तीन तर नुसती पाहुणी, तोंडच उघडत नाहीत. टाळ्या वाजवत म्हटलं तर टाळ्या दोनच: पार, ले. मधला 'र' घशातून खरवडून काढायचा, खाकरल्यासारखा. पहिल्या बाकावर थुंकीचे तुषार उडत होते. ज्याचा उच्चार सगळ्यात स्वच्छ, तो शाळेतर्फे स्पर्धेला जाणार. जागा एकच, आणि तिच्यासाठी चिमणी महिनाभर आरशासमोर खाकरत होती.

तिच्या आधी शिडी उठली. उंच म्हणून शिडी. या वर्षीच आलेली. तिची आई शाळेतले संडास धुते, हे सगळ्यांना माहीत होतं. शिडीने पेन्सिल दातांत धरली. पार, ले. इतकं नितळ कुणालाच जमलं नव्हतं.

बाई नुसतं "ठीक" म्हणाल्या. पेन्सिल दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुसली नाही. मग खणातून कोरी काढून चिमणीपुढे केली. शिडी मान खाली घालून बसली.

"घे बाळ. स्पर्धेला तूच जाणार आहेस," बाई हळूच म्हणाल्या.

चकचकीत, कुणीही न चावलेली पेन्सिल. चिमणीने हात मागे घेतला. शिडीचा उच्चार माझ्यापेक्षा चांगला आहे, तिलाच पाठवा, असं तिने सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. "अगं, तुलाच किळस येत होती ना?"

"ती कसली किळस, बाई. खरी तर आत्ता येतेय."