लक्ष्मम्माची कळशी

उदगीरच्या लक्ष्मम्मानं तांब्याची नवी कळशी घेतली. सासूच्या काळापासून घरात ज्या कंपनीची भांडी, त्याच कंपनीची. पहिल्याच दिवशी कळशीच्या बुडातून पाणी ठिबकायला लागलं. कळशी काखोटीला मारून लक्ष्मम्मानं तडक दुकान गाठलं.

"अक्का, ह्या कंपनीचा माल गळतच न्हाई," दुकानदार अमरनाथशेठनं कळशीकडं बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या ओट्यालाच ओल आली असंल. आन् तिच्यावर तुमचं नाव घातलंय. नाव घातलेलं भांडं वापस होत नसतंय."

"असं हाय का? मग आजून चार शब्द घालून घेते," म्हणत लक्ष्मम्मा पायरी उतरली, ती थेट रस्त्यावरच्या भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडं गेली.

श्रावणी सोमवारी अमरनाथशेठ महादेवाच्या देवळात पोचले, तर रांगेतली माणसं गाभाऱ्यात बघून खुदुखुदु हसत होती. पिंडीच्या वर साखळीला तीच कळशी टांगली होती. थेंबाथेंबानं अभिषेक अखंड चालला होता, आणि कळशीवर लक्ष्मम्माच्या नावाखाली ठळक अक्षरं होती:

"अमरनाथशेठ सांगतात, ही गळत नाही."