कॉलरखालची सुई
बढती मिळाली म्हणून गुंडूनं आई-अप्पांना म्हैसूरच्या नव्या इटालियन हॉटेलात जेवायला नेलं. पास्ता कुणाच्याच घशाखाली उतरेना. अप्पांची नजर तर मांडीवरच्या नॅपकिनवरच खिळली होती. त्याची शिवण उसवली होती. मंडी मोहल्ल्यात चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला माणूस तो! त्यांनी कॉलरखाली टोचलेली सुई दोऱ्यासकट काढली आणि टाके घालायला घेतले. पलीकडच्या टेबलावर गुंडूचे साहेब बसले होते. "अप्पा, सुम्मने बसा, गप्प! लोक बघतायत," गुंडू खेकसला. अप्पांनी दोरा तोडला, सुई परत कॉलरखाली टोचली. निघताना, मागच्या गल्लीत लावलेल्या गाडीच्या दारात अडकून गुंडूच्या बाहीचं बटण लोंबायला लागलं. लहानपणापासूनच्या सवयीनं त्यानं हात अप्पांपुढे केला. अप्पांची बोटं कॉलरपर्यंत गेली आणि थांबली. गल्लीत चिटपाखरूही नव्हतं, तरी त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. "इथं नको रे," ते पुटपुटले, "लोक बघतील."